तांबडा बेदाणा

आज शेडवरची हिरवी जाळी फाटली आणि ऊन थेट आत शिरलं. खालचा हिरवा बेदाणा तांबडा पडला. तो मूठभर हातात घेतला आणि माझी लेक सुमन आठवली.

ती पुण्याला ताऱ्यांचं शिकायची. एका सुट्टीत तिनं दुर्बीण आणली आणि अंधार पडल्यावर याच शेडसमोर मांडली. वाळत्या द्राक्षांचा आंबटगोड वास सुटला होता.

"आबा, जी आकाशगंगा आपल्यापासनं लांब जाते, तिच्या उजेडाच्या लाटा ताणल्या जातात. उजेड तांबड्याकडं झुकतो. त्यावरनं कळतं, ती लांब चाललीय."

"मग तांबडा पडलेला बेदाणा बी लांब निघाला म्हणायचं!"

ती खळखळून हसली. मी दुर्बिणीला डोळा लावून म्हणालो, "तू बी अशीच लांब जाशील गं."

"मी कुठं जातीया, आबा?" ती माझ्या खांद्याशी म्हणाली.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती तापानं गेली.

माझी पोर हाताच्या अंतरावर हसत उभी होती, आणि मी एक डोळा मिटून कुठला तरी धुरकट ठिपका बघत बसलो होतो.