आंटींची बाय आणि आमचा बांबू

"स्वेटर घेतला का गं?" असं स्वतःलाच विचारून आंटी घराबाहेर पडायच्या. भर जुलैतही. आखातातल्या आमच्या इंटरनॅशनल सिटीच्या बस थांब्यावर बेचाळीस अंशांत हातावर लोकरीचा स्वेटर टाकून उभी असलेली बाई तुम्हीही कधी पाहिली असेल. त्या आमच्या मजल्यावरच्या, वसईच्या आंटी. माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, तरी मीही त्यांना आंटीच म्हणे. एका खासगी प्राणिसंग्रहालयातल्या काचेच्या थंडगार दालनात त्या लाल पांडाची मादी सांभाळत. तिला त्या 'बाय' म्हणत.

"पांडा नुसता नावाला हो. काळ्या-पांढऱ्या अस्वलाशी हिचं नातं नाही. बायचं माहेर हिमालयात, ढगांत. शेवाळलेल्या झाडावर चढायचं, शेपूट अंगावर ओढून झोपायचं. पंचवीस डिग्रीच्या वर गेलं की धापा टाकते."

"आणि सोबतीला?"

"कोणी नको तिला. एकलकोंडी! माझ्या नणंदेसारखी."

एकदा विमानाने येणारी बांबूची खेप अडकली. बायला रोज किलो-दीड किलो पानं लागत. सफरचंद हुंगून तिने तोंड फिरवलं. आंटींनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, 'कुणाकडे बांबू आहे का? अर्जंट. बाय सकाळपासून उपाशी आहे.'

दुपारी आंटी घरी आल्या, तर दारात अकरा कुंड्या जमल्या होत्या. सगळ्या ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातल्या, लाल रिबिनीच्या लकी बांबूच्या. त्यात आमचा टीव्हीशेजारचाही होता.

आंटी बघतच राहिल्या. मग जिन्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, हा बांबूच नाही! नुसता दिसतो तसा. खाल्ला तर आजारी पडेल ती."

"म्हणजे आठ वर्षं आम्ही कशाला पाणी घालतोय?" आमच्या हिने विचारलं.

हसता हसता आंटी डोळे पुसत उठल्या. "पण आता तिला देऊ काय?"

तेव्हा मला माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा मिर्दिफ भागातला व्हिला आठवला. तिथे कुंपणालगत खरा बांबू होता. साहेब हो म्हणाले. औषध फवारलंय का, हे मी त्यांच्या माळ्याला फोनवर विचारत होतो, तेवढ्यात आंटींनी फोन हिसकावला.

"भैया, सच बोलना. दवा मारा है?"

"कभी नहीं, बहनजी. कसम से."

"यल्ला! चला!" त्या मला म्हणाल्या.

माझ्या गाडीच्या खिडक्यांतून फांद्या बाहेर डोकावत होत्या. सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला, "हबीबी, जंगल किधर ले जा रहे हो?" संग्रहालयाच्या डॉक्टरांनी फांद्या तपासून, धुऊन आत पाठवल्या. तोवर संध्याकाळ झाली. बायची जागं व्हायची वेळ.

ती ओंडक्यावरून डोकं खाली करून उतरली. थांबली. हुंगलं. मी आणि ही श्वास रोखून काचेबाहेर उभे. मग तिने अंगठ्यासारख्या जादा हाडाने फांदी पकडली आणि तोंडाच्या कडेने पानं कराकरा चावायला लागली.

यंदा आंटी कायमच्या वसईला गेल्या. मला मात्र त्या अजून तिथेच दिसतात, काचेपलीकडे जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. आम्ही दोघं हात हलवतोय, त्यांचं लक्षच नाही. समोर बाय चावतेय, आणि तिच्याबरोबर आंटींचाही जबडा हलतोय.