दोन वाट्या चटणी

शालनवहिनी गेल्याचा निरोप साताऱ्याला शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवर आला, तेव्हा मी मिक्सर लावून उभी होते. डॉक्टरांची बायको दारातून काहीतरी सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. मी हातानेच थांबा म्हटलं, वाटण पुरं केलं, मग बटण बंद केलं. "सांगलीहून फोन होता... तुमच्या वहिनी..." एवढंच ती म्हणाली. आज सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत वहिनीबद्दल जे जे कानावर आलं, ते सगळं गोड आहे. सुगरण होती, सोशिक होती, कधी तोंडातून ब्र काढला नाही. दहाव्याला कृष्णेच्या घाटावरही हेच, नातेवाइकांच्या पत्रांतही हेच. वाचून माझं डोकं उठतं. तिने ब्र का काढला नाही, हे कुणीच विचारत नाही. मला ते ठाऊक आहे, आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून लिहायला बसले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची दलाली करतो. हळकुंड मोडायचं, वास घ्यायचा, कण जिभेवर ठेवायचा आणि प्रत सांगून टाकायची. त्याच्या शब्दावर पोतीच्या पोती उचलली जात. तीच जीभ घरातही राज्य करायची. वाटण पाट्यावरचं नसेल तर पहिल्याच घासाला ताट सरकायचं. वहिनी वीस-बावीस वर्षं मागच्या पडवीत उकिडवी बसून वाटत राहिली. चाळिशीतच तिची मनगटं सुजायला लागली, वेणी घालायला हात मागे जाईना. सुटीत मी गेले की तिची वेणी मी घालत असे. आणि निघताना तिने त्याच हातांनी वाटलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत टाकून साताऱ्याला येत असे. माझ्या घरी मिक्सर होता, तरीही.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला वहिनीने मिक्सर घ्यायचं मनात घेतलं. दादा हळद पारखायचा ना, त्याच्यापेक्षा बारकाईने तिने मिक्सर पारखले. पदराखाली वाटीभर भाजलेले दाणे घेऊन ती गल्लीतल्या पाच घरी जाऊन आली. एकीच्या मिक्सरचं झाकण उडत होतं. एकीचा पाच मिनिटांत तापून वास मारायचा. एकीचं भांडं एवढं मोठं, की वाटीभर दाणे कडेला चिकटून बसायचे आणि पाती नुसतीच फिरायची. मला तिने पत्र लिहून विचारलं, की तुमच्या मिक्सरची पाती काढून धुता येतात का, आणि बंद पडला तर दुरुस्तीला पुण्याला न्यावा लागतो का. एवढं करून तिने एक पसंत केला. क्रीम रंगाचा, चटणीचं लहान भांडं वेगळं असलेला, झाकण फिरवून बसणारा. झाकण दाबून धरावं लागत नाही, हे तिच्या लेखी सगळ्यांत मोठं. दुकानदार दादाच्या ओळखीचा होता. "घिऊन जा, दोन दिवस वापरून बगा," म्हणाला. दादाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, "रविवारी दोन्ही चटण्या कर. एक पाट्यावरची, एक मिक्सरातली. माझ्या जिभंला फरक कळला न्हाई, तर ठिवू."

बायकोला मिक्सर हवा की नको, हे ठरवायला नवऱ्याच्या जिभेची परीक्षा! पण तेव्हा मला त्यात गंमतच वाटली होती. दादाने यार्डातले दोघे दोस्त जेवायला बोलावले. मी सुटीला आलेलेच होते. मदतीला उठले तर वहिनीने मला बाहेरच बसवलं. आतून मिक्सरची घरघर आली, थांबली, पुन्हा आली. मग तिने दोन वाट्या आणून ठेवल्या, एक स्टीलची, एक पितळी. दादाने डोळे मिटून दोन्ही चाखल्या, आणि लिलावात भाव फोडावा तसं म्हणाला, "ही पितळीतली पाट्यावरची!" दोस्तांनी माना डोलावल्या. आणि मी? मी सगळ्यांहून मोठ्याने म्हणाले, "हे तर कुणीही सांगेल. मिक्सरच्या चटणीला लोखंडाचा वास येतो." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाने विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिक्सर खोक्यात घालून रिक्षाने परत गेला. त्यानंतर आठ वर्षं, जाईपर्यंत, ती पाट्यावरच वाटत होती.

गेल्या दिवाळीत मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "वन्सं, एक सांगू? त्या दिवशी दोनी चटण्या मिक्सरातल्याच हुत्या. पितळीतलीला जरा कमी फिरवली, जाडसर ऱ्हावी म्हणून."  तिने बेत केला होता. दादाने एक वाटी उचलून पाट्यावरची म्हटलं, की हसून सगळं सांगायचं, आणि मिक्सर ठेवून घ्यायचा. "मग सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं. "आवं, यार्डातली मान्सं बसलीवती. ह्यांच्या जिभंवर धंदा हाय. तिथं ह्यांची जीभ खोटी पाडू?" मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी तरी म्हनशीला, दोन्ही सारख्याच लागत्यात म्हणून... तुमच्याकडं मिक्सर हाय."

मी वेणी घातली, गाठ मारली. ती आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेले, तर ओट्यावर कोरा मिक्सर. दादानेच आणला होता, वहिनीला जाऊन महिना व्हायच्या आत. "काय करनार? वाटनार कोन आता?" तो म्हणाला आणि भाकरीशेजारी स्वतः केलेली चटणी वाढली. माझा तोल गेला. त्या रविवारचं सगळं मी त्याच्या तोंडावर सांगून टाकलं, दोन्ही वाट्यांचं. वाटलं, हादरेल, रडेल, निदान नाही तरी म्हणेल.

तो मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत हुतं. जेवल्यावर हात धुवाया मागं गेलो, तर पाटा कोरडा. दानाबी सांडल्याला न्हवता."

"आणि तरीही दुसऱ्या दिवशी मिक्सर परत केलास?"

"चार मान्सांत बोलून बसलोवतो गं..."

मी रागाने ताट सरकवायला हवं होतं. नाही सरकवलं. भूक लागली होती. भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली आणि तोंडात घातली. जाडसर होती, लसूण बेताची. लोखंडाचा वास कुठेही नव्हता. वीस-बावीस वर्षं जो डबा मी साताऱ्याला नेत होते, त्यातल्या चटणीसारखीच लागली... अगदी तशीच.