शाळेचा पिंपळ

निंगप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या मुलींच्या शाळेच्या कुंपणाबाहेर सायकलला टेकून आत बघत उभे होते. १९७४ सालचा फाल्गुन, सकाळची शाळा भरायची वेळ. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी शिकवत असताना आमचा शिपाई कोंडीबा वर्गाच्या दाराशी आला.

"बाई, त्यो माणूस रोज हितं उभा ऱ्हातोय. पोरींची शाळा हाय. मी हाकलला तर भांडण व्हईल, तुमीच इचारा."

मी गेले. ऊन नव्हतं, तरी हातात छत्री घेतली.

चाळिशीचा गृहस्थ. कपाळावर विभूतीची तीन बोटं, कानावर पेन्सिल, हातात चौकटीचा कागद. काय बघताय, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. नजर न हलवता ते म्हणाले, "झाड, बाई. काल ह्या फांदीला सात होती. आज अकरा हायत की."

आवारातल्या त्या पिंपळाखाली मी नऊ वर्षं डबा खात होते. त्याला पालवी कधी फुटते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मान वर केली. दुष्काळाची वर्षं सरल्यावर झाड जणू राहिलेलं सगळं एकदम काढून देत होतं. पानं नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या रंगाची, आणि कोवळ्या वासराच्या कानांसारखी खाली कललेली.

निंगप्पा चादरीच्या कारखान्यात पत्ते पाडायचं काम करत. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक पत्ता, आणि त्याला ठरावीक जागी भोकं. हे पत्ते दोरीत ओवून मागावर चढवले की भोकांप्रमाणे नक्षी उठते. अकरा वर्षं ते दुसऱ्यांच्या नक्षीला भोकं पाडत होते. यंदा कारखानदार गुरुबसप्पांनी त्यांना पहिल्यांदाच म्हटलं होतं की पाडव्याच्या आत स्वतःची नक्षी आण, पसंत पडली तर मागावर घेऊ. नाहीतर नेहमीचे चित्रकार होतेच.

मोठ्या बाईंची परवानगी काढून मी त्यांना आत घेतलं. कामावर जाण्याआधी वीस मिनिटं ते झाडाखाली बसत. तक्रार घेऊन आलेला कोंडीबाच आता त्यांच्यासाठी स्टूल मांडू लागला. स्टुलाचा उखडलेला खिळा टोचायचा, म्हणून त्यावर स्वतःच्या चादरीची घडी घालायचा. वर टोमणे मारायचा, "निंगप्पा, आज किती वाढली? रेशनकार्डात नावं घालायची का?" निंगप्पा हसत, पण मोजणं चुकू देत नसत. मुली त्यांना पानमामा म्हणायच्या.

पंधरा दिवसांनी ते कागद घेऊन कारखानदारांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते झाडाकडे न बघताच स्टुलावर बसले. गुरुबसप्पांना पानं आवडली होती. पण कागद पुरता उलगडून पाहिल्यावर ते म्हणाले होते, "निंगप्पा, ही नक्षी न्हाय, ही रोजनिशी हाय."

नक्षी म्हणजे तोच पत्त्यांचा संच फिरून फिरून चालायचा, तीच वेल पुन्हा पुन्हा यायची. निंगप्पांनी पंधरा दिवसांच्या पंधरा वेगळ्या रांगा काढल्या होत्या. खाली कळी, वर भरलेलं पान. तेवढे पत्ते ओवले असते तर माग त्यांच्याखाली दिसेनासा झाला असता. अकरा वर्षं पत्ते पाडणाऱ्या माणसानं अशी चूक करावी, याचं मला नवल वाटलं.

"ठाव हुतं की, बाई," ते म्हणाले. "पन रोज येगळं दिसायचं. कालचंच परत काढायला हात धजंना."

आता त्यांना एकाच दिवसाची रांग ठेवायची होती, आणि ती शनिवारपर्यंत निवडायची होती. एक ठेवायचा म्हणजे चौदा टाकायचे. आम्ही कागद पारावर पसरला. मी सातवा दिवस सुचवला. कोंडीबा म्हणाला शेवटचा घ्या, पान कसं भरल्यालं पायजे. निंगप्पांनी दोघांचंही ऐकलं आणि कुणाचंच घेतलं नाही. घंटा झाली तरी ते बसून होते.

उठताना स्टुलावरची चादर घसरली. ती उचलून घडी घालताना त्यांचा हात थांबला. एक कोपरा त्यांनी उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. आपल्याकडची चादर दोन्ही बाजूंनी विणलेली असते. एका बाजूला निळ्यावर पांढरं फूल असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर तेच फूल निळं.

"एक न्हाय बाई," ते हळूच म्हणाले. "दोन दिवस बसत्यात."

त्यांनी अकरावा दिवस निवडला. पान पुरतं आकाराला आलेलं, पण रंग अजून तांब्याचा. हिरव्यावर तांबडं पान. उलटवलं की तेच पान पुढच्या दिवसांतलं, हिरवं झालेलं. पत्ते त्यांनी स्वतः पाडले, रविवारीसुद्धा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी चादर मागावरून उतरली. गुरुबसप्पांनी ती टेबलावर पसरली, उलटवली, पुन्हा सुलटवली. मग कानडीत विचारलं, नाव काय लिहायचं? निंगप्पांनी सांगितलं, शाळेचा पिंपळ. हे मला सांगताना त्यांनी पेन्सिल उगाचच या कानावरून त्या कानावर ठेवली.

ती नक्षी कारखान्यात सात वर्षं चालली. निंगप्पांनी पुढे आणखी चार नक्ष्या केल्या. कोंडीबाला त्यांनी पहिल्या खेपेतली एक चादर दिली, ती त्यानं स्टुलावर कधी घातली नाही. माझ्याकडेही एक आहे. फाल्गुनात मी तिची तांबड्या पानांची बाजू वर घेते आणि वैशाख लागला की उलटवते.

निंगप्पा आता मैंदर्गीला लेकीकडे राहतात. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं दिवाळीनंतर आहे.