बाभुळगावातली अंतराळाची झाडं

हे लिहायचं मी हिवाळ्यापासून टाळतोय. दमून परतलो होतो, आणि झालं ते सांगावंसंही वाटत नव्हतं.

निघालो होतो उमरखेडकडे, धबधबा बघायला. यवतमाळला एसटी बदलताना मित्राची बहीण आठवली, सुजाताताई. ती तिथल्या कॉलेजात अंतराळात लावायच्या पिकांवर संशोधन करते. झालं, धबधबा राहिला. स्टँडबाहेर तर्री-पोहे खा, तिखट झेपत असेल तर. पाठीवर बॅग दिसली की ऑटोवाला विचारतोच, "कोणत्या च्यानलचे?" कापसाच्या बातम्यांमुळं बाहेरचा माणूस म्हणजे पत्रकार. फिरायला आलोय म्हटल्यावर तो वळून बघायला लागला. "इथं? फिरायले?"

लोडशेडिंगमुळं लॅबचे दिवे बंदच, म्हणून ताईनं टोमॅटोची रोपं बाभुळगावला आईच्या अंगणात ठेवलेली. गच्च एसटीत दांड्याला लटकून तिनं मला समजावलं. यानात झाडाला वीतभरच उंची मिळते, म्हणून बुटकं झाड हवं. उंच-बुटक्याचा संकर केला, तर पहिली पिढी सगळी उंच, आणि तिच्या बियांतून थोडीच बुटकी निघतात. सगळं काम त्यांच्यावर.

"जवानी यातच चालली," ती म्हणाली.

मावशी, म्हणजे ताईची आई, दिवसभर कापूस वेचून आल्या होत्या. पाणी देत खुशीत म्हणाल्या, "तुये रोपटे विरळून टाकले वं, कपाशीवाणी. मोठे ठेवले, खुरटे उपटले."

ताई रोपांकडं धावली. "माय, खुरटेच तर पाह्यजे होते!"

"मंग सांगतलं काहून नाही? खुरटं कोनी ठेवते का?"

उपटलेली रोपं शेळीनं खाल्ली होती.

भाकरी-ठेचा झकास होता, पण ताईनं ताट बाजूला सारलं. ताई एवढंच बोलली, की उरलेल्या उंच झाडांतही बुटकेपणा दडलेला असू शकतो. त्यांचं बी पेरलं तर कदाचित निघेल. "पन माह्यात आता दम नाही राह्यला." मावशी भांडी घासत होत्या. ऐकलं की नाही, कळलं नाही.

घरी आल्यावर सगळे धबधब्याचे फोटो मागतात. माझ्याकडं त्या दोघींची ती संध्याकाळ तेवढी आहे.

हे लिहितोय तोच ताईचा फोन. "माय आली."

"कुठं?"

"लॅबमधी! एकटी, एसटीनं. कधी पाय नाही ठेवला तिनं इथं. त्या उंच झाडांचं बी तिनंच खोक्यात पेरलं होतं, तो खोका मांडीवर घेऊन आली. दाटीवाटीनं उगवलं, एक नाही उपटलं."

मागून मावशींचा आवाज आला, "मोठे उपटायचे नं आता? सांग लवकर, मले परतीची गाडी हाये!"