विमानांची ओळ

प्रिंटरमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या कागदाला ऊब असते, तुम्ही कधी हात लावून बघितलाय? भाकरी तव्यावरून उतरवताना बोटांना लागते तशी नाही, त्याहून कितीतरी हलकी, हात लावेपर्यंत असते आणि लावला की संपतेसुद्धा. आणि शाईचा तो ओलसर, जरासा गोड वास. आज सकाळी पुढच्या महिन्याचं पान सरसर करत बाहेर आलं, मी ते दोन्ही हातांनी झेललं, गालाला लावलं, कुणी बघत नव्हतं म्हणून लावलं, आणि एकदम मला तो पहिला कागद आठवला. विमानांचा. तो आठवला की अजून रडू येतं आणि लगेच हसूही येतं, कुठलं आधी ते मला सांगता यायचं नाही.

तेव्हा मी सगळ्यालाच घाबरायचे हो. अमेरिकेतलं, फ्रीमाँटचं हे टाउनहाऊस, एकाला एक चिकटलेल्या भिंती, फोडणी जरा करपली की छताला लावलेलं ते धुराचं गोल यंत्र किंचाळायचं आणि मी टॉवेल हलवत त्याच्याखाली नाचायचे. फोन वाजला की घाबरायचे, पार्सलवाला दारात दिसला की पडद्यामागं व्हायचे. बारावीला इंग्रजीत राहिले होते, परत बसेन म्हणत होते, तेवढ्यात लग्न ठरलं आणि मी विमानातच बसले. इथं सगळ्या बायका शिकलेल्या, भराभरा बोलणाऱ्या, एका हातानं गाडी चालवणाऱ्या, आणि मी आपली घरातल्या घरात श्वास धरून. पण सगळ्यात जास्त भीती कशाची, तर जेवणाच्या टेबलामागच्या कोपऱ्यातल्या ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची. त्याच्यावरची धूळसुद्धा मी लांबून पुसायचे. चुकून एखादं बटण दाबलं गेलं आणि ह्यांचं ऑफिसचं काही उडालं तर?

ह्यांची नोकरी तेव्हा फिरतीची होती. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी संध्याकाळी परत. आणि लेक नुकतीच किंडरगार्टनला जायला लागलेली. सोमवारी उठली की बाबा नाही, आणि बाबा नाही म्हणजे शाळाही नाही, तिचा हिशोब सरळ होता. शाळेच्या फाटकाशी माझ्या ओढणीला अशी लटकायची की बाकीच्या आया वळून वळून बघायच्या. एकदा तर बूट काढून फेकला. तिला वाटायचं, आपण आत गेलो आणि तेवढ्यात मम्मापण गेली तर? बाबा गेला तसा? मी तिला सांगायचे, बाबा येणार आहे गं, लवकर येणार आहे. ती म्हणायची, "व्हेन इज लवकर?" मी परत म्हणायचे, लवकर.

तिच्या टीचरनं मग मला एक दिवस थांबवून घेतलं. उंच बाई, पण लेकीशी बोलताना गुडघ्यावर बसायच्या, म्हणून मला आवडायच्या. त्यांचं मला जेवढं कळलं ते असं, की जानेवारीपर्यंत वाट बघू, नाहीच रुळली तर तिला यंदा घरी ठेवा आणि पुढच्या वर्षी परत आणा, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आणि घरी एक कॅलेंडर करून बघा, चित्रांचं, बाबा कधी जातो कधी येतो ते तिला दिसू दे. मी मान हलवली, थँक्यू थँक्यू म्हणलं आणि घरी येईपर्यंत रस्ताभर एकच वाक्य घोळवत राहिले. पुढच्या वर्षी परत. हे वाक्य मी ओळखत होते. मीही परत बसणार होते ना बारावीला.

पण कॅलेंडर हा शब्द ऐकून आत कुठंतरी बरंही वाटलं होतं. कारण कॅलेंडर मला येत होतं! माझे दादा, म्हणजे वडील, एसटीत ड्रायव्हर. बार्शीच्या आमच्या दोन खोल्यांत गॅसच्या ओट्यावर खिळ्याला कॅलेंडर असायचं, फोडणीच्या वाफेनं कडा पिवळ्या पडलेलं. दादा मुक्कामी गाडी घेऊन जायचे त्या तारखेला आई पेनानं टिंब द्यायची, आणि परत यायचे त्या तारखेभोवती गोल. त्या कॅलेंडरात वार डाव्या हाताला, एकाखाली एक, रविवार सगळ्यात वर आणि शनिवार तळाला. तारखा खाली उतरत जायच्या, जिना उतरल्यासारख्या, आणि तळाला पोचलं की परत वर चढून शेजारच्या रांगेनं उतरायचं. मी तेलकट बोटानं टिंबापासून गोलापर्यंत उतरत जायचे. गोल आला की आई म्हणायची, "पाणी तापव, दादा येतील." आणि दादा यायचेच. डिझेलचा वास आधी यायचा, मग दादा. त्या चौकोनांनी मला कधी फसवलं नाही.

तर असं ते माझं कॅलेंडर. हाताने काढायचा प्रयत्न केला, पण माझी विमानं माशांसारखी आली. लेकीनंच सांगितलं, "दॅट्स अ फिश, मम्मा." शेवटी ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "अगं कॉम्प्युटरवर आहे ना, कॅलेंडर बनवायचं सॉफ्टवेअर आहे त्यात. उघड, महिना निवड, चित्रं ड्रॅग कर."

"म्हणजे काय करू?"

"ओढ."

"कशाला ओढू?"

"चित्राला ओढ गं! माउसनं! आणि सोड चौकोनात."

"आणि तुमचं काही उडालं तर?"

"उडू दे," हे म्हणाले, "मीच उडतोय आठवड्यात दोनदा."

लेक शाळेतून लवकर परत आणलेली, ती टेबलाखाली क्रेयॉन घेऊन बसलेली, आणि मी खुर्चीच्या अगदी कडेला. पहिल्या दिवशी फक्त उघडलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी महिना सापडला. भाषांच्या लांबलचक यादीत खाली खाली जाता मराठी दिसलं, दाबलं, आणि काय सांगू, सगळे आकडे बदलले, १, २, ३, सोम, मंगळ, बुध! त्या परक्या काचेवर माझं पहिलीचं पुस्तक उघडल्यासारखं झालं. मग पानाचे आराखडे होते, हा नको तो नको करत गेले, आणि एक सापडला हुबेहूब आमच्या ओट्यावरचा, वार डाव्या हाताला, तारखा उतरत जाणाऱ्या. मी टाळीच वाजवली. प्रत्येक सोमवारी एक विमान ओढून टाकलं, प्रत्येक गुरुवारी लाल छपराचं घर. छापलं. रविवारी संध्याकाळी फ्रिजवर लावलं आणि शिरा केला. हेसुद्धा वाटी हातात घेऊन त्याच्यापुढं उभे राहिले. "वा! बाईंनी अमेरिका जिंकली," म्हणाले.

सोमवारी हे गेले. लेक उठली, मी तिला उचलून फ्रिजपाशी नेलं, बोट विमानावर ठेवलं. "हे बघ, आज बाबा विमानात. आता तू बघ कधी येतो." आणि मी तिचा डबा भरायला वळले. मागं ती म्हणत होती, "प्लेन." मी हसले. "प्लेन... प्लेन..." मग आवाज बारीक झाला. "प्लेन. मम्मा, एव्हरी डे प्लेन?" आणि फ्रिजला पाठ घासत ती खाली बसली आणि जो टाहो फोडला! मला काही कळेना. घर तर तिथंच होतं की, लालभडक! "अगं घर बघ ना, घर!" मी तिचं बोट धरून खाली ओढायला लागले, ती हात सोडवून घेत ओरडत होती, "दॅट्स नॉट टुमारो! दॅट्स नॉट टुमारो!" त्या दिवशी शाळा नाहीच. मी कागद फाडायला हात घातला होता, खरंच सांगते.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर, माझ्या जन्माच्या आधीपासून ह्या देशात. परसातल्या झाडाची लिंबं घेऊन आल्या होत्या.

"कोण रडतंय गं? ती का तू?"

"दोघी," मी म्हणलं.

त्यांनी चष्मा लावून कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगं बाई! हे तर आपलं ओट्यावरचं कॅलेंडर! किती वर्षांनी बघतेय." मग लेकीला मांडीवर घेऊन कागद तिच्यापुढं धरला, विमानावर टिचकी मारली, आणि विचारलं, "अँड शो मी टुमारो?"

लेकीनं हुंदका देत बोट उजवीकडे नेलं. तिथं विमान. त्याच्या पुढं विमान. त्याच्याही पुढं विमान. सोमवारची अख्खी ओळ! मला त्या ओळीत आठवडे दिसत होते आणि तिला दिवस. मराठी आकडे तिला वाचता येत नव्हते, वार येत नव्हते, तिला एवढंच कळत होतं की बाबा उद्या विमानात, परवा विमानात, कागद संपेपर्यंत विमानात.

"ती रोज शाळेत गालिच्यावर बसून कॅलेंडर वाचते, आडवं," काकू म्हणाल्या. "इथली पोरं ही. तिचा उद्या उजवीकडे असतो, तुझा खाली. रडतेस काय? कागद तर आहे ना घरात?" आणि मग लिंबं एकेक करून परडीत काढत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा मुलगाही असाच विचारायचा. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर. मी म्हणायचे, लवकर येते. लवकर म्हणजे काय ते त्याला कधी कुणी दाखवलंच नाही. तू दाखव."

त्या दुपारी मला घाबरायला वेळच मिळाला नाही. लेकीला मांडीवर घेतलं आणि बसले कॉम्प्युटरपुढं, कडेला नाही, चांगली मागं टेकून. आराखडा आडवा निवडला. पहिलं पान छापलं तर शनिवार कापला गेलेला. मग उभ्या कागदाचं चित्र आणि आडव्या कागदाचं चित्र अशी दोन सापडली, आडव्यावर दाबलं, आणि आला की शनिवार धावत! मराठी आकडे काढताना जिवावर आलं, काढले, तिच्या ओळखीचे घातले, पण वारांची नावं नाही सोडली, कोपऱ्यात बारीक अक्षरात राहू दिली. मधले चौकोन तिनं भरले. मंगळवारी डबा, बुधवारी लायब्ररीचं पुस्तक, माउसवर तिचा हात, तिच्या हातावर माझा. "ओढ, ओढ, आता सोड!" आम्ही दोघी ओरडत होतो. शेवटच्या छपाईला निळी शाई संपली आणि सगळी विमानं गुलाबी आली. मला परत धस्स झालं. ती म्हणाली, "पिंक प्लेन्स! यू मेड पिंक प्लेन्स!" जणू मी मुद्दाम केली होती.

मंगळवारी सकाळी तिनं तो कागद फ्रिजवरून स्वतः काढला आणि घडी न करता, दोन्ही हातांत धरून रस्ताभर चालली. फाटकाशी मी श्वास धरला, ओढणी आधीच गच्च पकडली. टीचर खाली बसल्या. लेकीनं कागद त्यांच्यापुढं धरला, बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवलं. "टुडे टिफिन. देन लायब्ररी. देन बाबा. माय मम्मा मेड धिस. ऑन द कॉम्प्युटर." आणि गेली. आत गेली! मागं वळून बघितलंसुद्धा नाही! मी तिथंच उभी, ओढणी माझ्याच मुठीत.

ह्यांना फोन लावला, मीटिंगमध्ये होते तरी लावला. "गेली! अहो गेली!"

"कोण गेलं?" हे घाबरून ओरडले. "काय झालं? कोण?"

"शाळेत गेली! स्वतः गेली!" आणि मी त्या फुटपाथवर, सगळ्या शिकलेल्या आयांच्या मधोमध, मोठमोठ्यानं हसत रडत होते, आणि मला कुणाची भीती वाटत नव्हती.

जानेवारी आला आणि गेला, पुढच्या वर्षीचं नाव कुणी काढलं नाही. लेक आता दुसरीत आहे. पुढं ह्यांची फिरती थांबली, पण महिन्याचं पान थांबलं नाही. दर महिन्याला आम्ही दोन छापतो. एक आमचं, आडवं. दुसरं काकूंचं, उभं, मराठी आकड्यांचं. लेक शाळेत गेली त्याच आठवड्यात त्यांनी मागून घेतलं होतं. "ते तुझं चुकलेलं मला दे गं, मला तसलंच लागतं." त्यात त्यांच्या मुलाचा फोन येतो त्या रविवारी आम्ही फोनचं चित्र टाकतो, आणि काकू चहा घेता घेता बोटानं त्या रविवारच्या ओळीवरून जातात. रविवार सगळे एका ओळीत येतात ना त्यात. हे मला त्यांच्याकडून कळलं. उभ्या कॅलेंडरात जे परत परत येतं ते शेजारी शेजारी बसलेलं दिसतं.

दादा आता नाहीत. आईच्या घरी ओट्यावर कॅलेंडर अजून आहे, पण टिंब द्यायला काही उरलं नाही म्हणते. मला वाटतं, वेळ खाली उतरो नाहीतर उजवीकडे सरको, माणसाला एवढंच दिसायला हवं असतं की गेलेलं माणूस कुठल्या चौकोनात परत येणार आहे.

आजच्या पानावर पुष्कळ महिन्यांनी विमान आहे. मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वेस्ट विंडसरला, आणि मी चाललेय. एकटी. विमानतळ, बॅगा, ती सगळी प्रश्न विचारणारी माणसं, एकटी. विमान लेकीनंच ओढून टाकलं, गुलाबी निवडलं. मी त्या चौकोनाकडे बघत राहिले असेन जरा जास्तच, कारण ती शेजारी येऊन उभी राहिली. माझं बोट धरलं, विमानावर ठेवलं, आणि उजवीकडे सरकवत सरकवत लाल छपरावर नेऊन थांबवलं.

"सी?" ती म्हणाली. "हे बघ लवकर."

कागद अजून कोमट होता.