नावाडीण मरते की नाही

जमिनीखालच्या पाण्याचे अंदाज बांधणे हा माझा व्यवसाय आहे. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका कार्यालयात बसून मी शेकडो विहिरींच्या नोंदी तपासते आणि येत्या उन्हाळ्यात कोणत्या गावाचे पाणी किती खोल जाईल, हे सांगते. मोजणारे उपकरण सगळीकडे एकसारखे आहे याची खात्री झाल्याशिवाय आकडे शेजारी शेजारी मांडायचे नाहीत, असे मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावते. हा नियम मी स्वतः एकदाच मोडला. त्या चुकीमुळे आज माझ्या घरात पुस्तकांनी भरलेली दोन लोखंडी कपाटे उभी आहेत आणि रविवारी सकाळी मला झोपू दिले जात नाही.

कपाटे मूळची एका काकूंची. जयपुरात बदलीवर आलेली मराठी कुटुंबे, कोणी बँकेतली, कोणी विम्यातली, कोणी केंद्र सरकारच्या कचेरीतली, तीन-चार वर्षे राहतात आणि पुढच्या गावाला जातात. सामान बांधताना वजनाचा प्रश्न आला की सर्वांत आधी पुस्तके बाहेर निघतात. ती काकूंकडे पोचती करायची, अशी इथल्या मराठी घरांत रीतच पडून गेली होती. काकूंचे यजमान इथेच निवृत्त झाले, त्यांच्या पश्चात काकूही इथेच राहिल्या, आणि जाणाऱ्यांची पुस्तके येणाऱ्यांना वाचायला देत राहिल्या. अट एकच होती: पुस्तक परत करताना वहीत तीन ओळींचा अभिप्राय लिहायचा. 'छान आहे' ही ओळ मोजली जात नसे.

माझे वडील विमा अधिकारी होते. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे आलो आणि चौदाव्या वर्षी गेलो. जाताना आमची पुस्तकेही काकूंच्या कपाटात गेली. सत्ताविसाव्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने मी एकटी परत आले आणि पहिल्याच रविवारी काकूंची घंटा वाजवली.

"उंची काही वाढली नाही तुझी," काकूंनी दारातच निदान केले. "शिकलीस काय?"

"भौतिकशास्त्र. मग जलविज्ञान."

"म्हणजे गोष्टी वाचायच्या राहूनच गेल्या. ये आत."

चहाबरोबर त्यांनी वही काढली. त्या वहीत सर्वाधिक अभिप्राय एकाच जुन्या पुस्तकाचे होते. मुलांसाठी लिहिलेली ती एक अद्भुतकथा. दोघी बहिणी एका तळ्याच्या तळाशी असलेल्या राज्यात उतरतात. तिथल्या कोतवालाने सगळ्या प्रजेच्या सावल्या जप्त केलेल्या असतात. त्या सोडवायला निघालेल्या बहिणींना एक म्हातारी नावाडीण नदीपार नेत असते, तोच वादळ उठते. मुलींना काठावर ढकलून नावाडीण पाण्यात दिसेनाशी होते. पुढच्याच प्रकरणात ती आपल्या झोपडीत चुलीपाशी बसलेली असते. मुलींना पेज वाढते आणि त्यांची नावे विचारते, जणू त्यांना पूर्वी कधी पाहिलेलेच नाही. मग ती त्यांना घेऊन पुन्हा होडीकडे निघते, आणि त्यापुढच्या प्रकरणात दोघी बहिणी नदीपलीकडच्या शहरात शिरतात.

या नावाडिणीने पिढ्या गुंतवून ठेवल्या होत्या. 'मेल्यावर माणूस सगळे विसरतो, म्हणून ती नाव विचारते,' असे एकाने लिहिले होते. 'हे खूप सॅड आहे, पण पेज गरम आहे.' एका मुलीचे मत: 'मला नावाडीण पसंत आली. ती मरून पण ड्यूटीवर येते, मतलब पप्पांसारखी.' तिसऱ्याने तीन ओळींत तीन वेळा 'ती आली' एवढेच लिहिले होते आणि काकूंनी ते मान्य केले होते. माझा अभिप्राय, वय वर्षे अकरा, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला: "नावाडीण परत कशी आली, याचे कारण दिलेले नाही. लेखकाने द्यायला हवे होते. बाकी पुस्तक ठीक आहे."

"त्याच दिवशी ओळखलं मी," काकू हसून म्हणाल्या, "ही पोरगी पुढे लोकांना छळणार."

दिवाळीनंतर काकूंनी सांगितले की फेब्रुवारीत त्या कायमच्या इंदूरला, मुलीकडे जाणार आहेत. कपाटांचे काय, असे मी विचारले, आणि त्यांनी उत्तर देण्याआधीच म्हणाले, "मी घेते."

"कपाटाला माणूस कशाला लागतं? कुलूप पुरे," त्या म्हणाल्या. "गेल्या दोन वर्षांतली वही बघ."

मी पाहिली. मोजके अभिप्राय, आणि सगळे आयांच्या अक्षरात.

"पुस्तकावरून पोरं भांडताना दाखव मला," काकू म्हणाल्या. "मग किल्ली तुझी. नाहीतर जी नेता येतील ती नेईन आणि बाकीची देऊन टाकीन."

मला ती किल्ली हवी होती. त्या कपाटात माझ्या वडिलांच्या सहीची पुस्तके होती. नवव्या वर्षी या शहरात मला एकही मैत्रीण नव्हती, तेव्हा तेच कपाट होते. शिवाय अट घातली की ती जिंकायची, हा माझा स्वभाव आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

मी आराखडा केला. इथल्या मराठी मंडळातल्या आठ मुलांनी एकच पुस्तक वाचायचे, अर्थात नावाडिणीचे, आणि जानेवारीत कानोत्याच्या धरणावर मंडळाची सहल जाते तेव्हा चर्चा करायची. काकूंकडे जुनी प्रत एकच होती, म्हणून पुण्याहून पाच नव्या प्रती मागवल्या. पाच मुलांना नव्या दिल्या. उरलेल्या तिघांनी जुनी प्रत आळीपाळीने वाचली. नव्या प्रती मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. मला पुस्तक पाठ होते.

सहलीच्या दिवशी ऊन कोवळे होते, धरणात पाणी बऱ्यापैकी होते, आणि वाटेत घेतलेल्या कांद्याच्या कचोऱ्या पोचेपर्यंत संपल्या होत्या. एका सतरंजीवर मोठ्यांचे पत्ते रंगले. दुसऱ्या सतरंजीवर मी मुलांना बसवले आणि छापून आणलेली प्रश्नावली वाटली: प्रत्येक पात्राला एक ते पाच गुण द्या. काकू पलीकडे खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या.

आठही मुलांनी सगळ्या पात्रांना चार गुण दिले. कोतवालालासुद्धा.

"सगळ्यांना चारच का?" मी विचारले.

"पाच दिले तर तुम्ही 'का' विचारता, ताई," सातवीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली. "तीन दिले तरी विचारता."

काकूंच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. किल्ली माझ्या हातून निसटत होती. मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि सरळ विचारले, "बरं, नावाडिणीबद्दल काय वाटलं?"

"वाईट वाटलं," पाचवीतला एक मुलगा म्हणाला. "मरते ना ती."

"पण परत येते ना," सातवीतली म्हणाली.

"कुठे परत येते?"

"अरे, पेज देते की त्यांना!"

"पेज तर आधी देते. मग मरते. एंड."

"काही पण! तू नीट वाचलंच नाहीस."

"मी दोन वेळा वाचलंय. तू मम्मीकडून ऐकलं असशील, तुला कुठे मराठी पढता येतं!"

मुलीचा चेहरा लाल झाला. तिने ते पुस्तक ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षरांशी झुंजत तीन आठवडे वाचले होते. मला तिच्या आईने सांगितले होते. आता बाकीची मुलेही उठून उभी राहिली. "येते!" "नाही येत!" "झूठ!" पत्ते खेळणारे वळून पाहू लागले. मी काकूंकडे पाहिले. त्यांनी मटाराची शेंग हातात तशीच धरून भुवया उंचावल्या: बरं जमलंय की. त्या क्षणी मी इतकी सुखावले होते की भांडण कशावरून चालले आहे, याकडे माझे लक्षच नव्हते.

"ताई, तुम्ही सांगा," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरत आले होते. "तुम्ही पण वाचलंय."

"परत येते," मी ठामपणे म्हणाले.

पाचवीतल्या मुलाने नवी प्रत माझ्या नाकासमोर धरली. "दाखवा."

मी पाने उलटली. आधी झोपडी, चूल, पेज, नावे विचारणे. मग होडी, वादळ, आणि नावाडीण पाण्यात दिसेनाशी होणे. त्यापुढे शहर. ती परत येत नव्हती. मी जुनी प्रत मागून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. हे काम एक महिन्यापूर्वी करायला हवे होते.

पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांच्या घड्या होतात. त्यांना फर्मे म्हणतात. ते ओळीने शिवले की पुस्तक होते. जुन्या प्रतीत दोन फर्म्यांची जागा बदललेली होती. शिवण छापखान्यातली नव्हती. जाड पांढऱ्या दोऱ्याचे ते टाके घरचे होते. पानांच्या खालच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, म्हणून कात्रीने सरळ कापलेल्या, आणि त्यांच्याबरोबर पृष्ठक्रमांकही गेलेले. अनुक्रमणिका मुखपृष्ठाबरोबर केव्हाच गळून पडली असावी. प्रकरणांना क्रमांक नव्हते, आणि दोन्ही फर्मे नव्या प्रकरणापासून सुरू होऊन प्रकरणाबरोबरच संपत असल्यामुळे वाक्य कुठेही तुटत नव्हते. नावाडिणीला कोणत्याही जादूने जिवंत केले नव्हते.

टाके कोणाचे, हे मला ठाऊक होते. माझ्या लहानपणी काकू दुपारच्या वेळी दाभण आणि खळीची वाटी घेऊन पुस्तके दुरुस्त करीत बसत. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. आता पत्ते थांबले होते, अर्धे मंडळ आमच्याकडे पाहत होते. मी गप्प राहिले असते तर भांडण तसेच पेटते राहिले असते आणि किल्ली माझी झाली असती. पण ती मुलगी खोटी ठरली असती. बोलले तर काकूंची चूक चारचौघांत उघडी पडणार होती, आणि ज्या बाईने मला किल्ली द्यायची, तिचीच.

"दोघंही खरं बोलताहेत," मी म्हणाले. "पुस्तकं दोन आहेत." आणि दोन्ही प्रती घेऊन काकूंपुढे गुडघ्यांवर बसले. "काकू, हे फर्मे उलटसुलट झालेत."

त्यांनी चष्मा लावला. सावकाश पाने चाळली, आधी नवी प्रत, मग जुनी. शिवणीवरून बोट फिरवले. मंडळाचे एक काका सावरून घ्यायला म्हणाले, "अहो, छापखानेवाले हल्ली काहीही करतात."

"छापखाना कसला! हा टाका माझा आहे," काकू म्हणाल्या. आणि मग त्या हसू लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलू लागले, मग मांडीवरची मटारांची परात गडगडली आणि दाणे सतरंजीभर पसरले. "इतकी वर्षं," त्यांना बोलता येईना, "इतकी वर्षं मी एका मेलेल्या बाईला पेज रांधायला लावतेय! आणि एकानं तोंड उघडलं नाही?"

"मी लिहिलं होतं, काकू. वहीत."

"तू कारण मागितलं होतंस. घे, हे कारण!"

मुले मात्र हसत नव्हती. त्यांच्या दृष्टीने प्रश्न आता कुठे सुरू झाला होता. लेखकाने लिहिले तेच खरे, असे पाचवीतल्याचे म्हणणे. "पण आमची परत येते," सातवीतली डोळे पुसून म्हणाली, "आणि ओळख विसरते तरी पेज देते. तुमची तर फक्त मरते. आमची स्टोरी जास्त चांगली आहे." यावर जे भांडण जुंपले ते परतीच्या बसमध्ये गोपालपुऱ्यापर्यंत पुरले. नव्या प्रतीवाल्यांपैकी दोघे जुनीच्या बाजूला गेले. एक जुनीवाला रागाने नवीकडे.

बसमध्ये काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. "भांडण माझ्या सुईनं लावलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या प्रश्नपत्रिकेनं नव्हे. तेव्हा तू काही जिंकली नाहीस."

"मान्य आहे."

"पण मी हरले." त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "मी तुझ्या जागी असते ना, तर गप्प बसले असते हो."

कपाटे महिनाअखेरीस माझ्या भाड्याच्या घरी आली. चोहोबाजूंनी कोचिंगची वसतिगृहे. खिडकीतून दिसणारी सगळी मुले काही ना काही सोडवत असतात. माझ्याकडे येणारी मात्र रविवारी दहाला भांडायला येतात. जुन्या प्रतीला एवढी मागणी झाली की सातवीतल्या मुलीने यादी केली: एकाला एक आठवडा, वशिला चालणार नाही. आधी जुनी वाचणाऱ्यांना बहुतेक वेळा जुनी आवडते आणि आधी नवी वाचणाऱ्यांना नवी, असे माझे निरीक्षण आहे. नमुना फार लहान आहे, पण मला त्याचा भलताच आनंद होतो.

फेब्रुवारीत काकू निरोप घ्यायला आल्या. परवाचे तिकीट होते. "ते माझं चुकीचं पुस्तक दे," त्या मला म्हणाल्या. "नातीला दाखवते, आजीचे प्रताप."

मी काही म्हणण्याआधी सातवीतली यादी घेऊन पुढे आली. "आजी, तुमचा नंबर सातवा आहे."

"अगं, शिवलंय मी ते!"

"हो ना. पण सातवा."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. किल्ली माझ्या हातात होती. मी खांदे उडवले. "नियम आहे, काकू. मी बदलू शकत नाही."

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले, पायातल्या चपला काढल्या, ऐसपैस बसल्या आणि इंदूरला फोन लावला.

"तिकीट रद्द कर," त्या मुलीला सांगत होत्या. "नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. होळीनंतर बघू. यादीत सातवी आहे मी."