बोटभर खोल

त्रेचाळीस साली लढाईच्या महागाईत सरकारला एकाएकी भाजीपाला आठवला. घरोघरी वाफे करा, असं फर्मान निघालं आणि नागपुरातून बारा बाया निवडल्या गेल्या. त्यांनी शिकायचं आणि मग आपापल्या मोहल्ल्याला शिकवायचं. त्यांना शिकवायला सापडला कोण, तर सरकारी बागेतला नत्थूजी माळी. चाळीस वर्षं 'ए माळी' ऐकलेल्या माणसाला त्या बाया पहिल्याच दिवशी 'मास्तर' म्हणाल्या. गडी हरखून गेला. त्या एका शब्दासाठी तो रोज धुतलेला सदरा घालून येऊ लागला.

अक्षराशी त्याचं वाकडं होतं, पण हात सगळं जाणत होता. पालक, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं तो करूनच दाखवी. उजव्या हाताचं पहिलं बोट मातीत खुपसायचा आणि सांगायचा, "बोटभर खोल. इथं बी टाकाचं." आता ते बोट लहानपणीच गावी, खाप्याला, उसाच्या चरकात गेलेलं, उरलं होतं एकच पेर. पण त्याच बोटानं इतकी वर्षं पेरलं होतं की ते अपुरं आहे, हे तो पार विसरून गेला होता.

बारा जणींत सगळ्यात हुशार मस्कासाथ मोहल्ल्यातली जिजाबाई. तिनं गल्लीतल्या बावीस घरांत बी वाटलं आणि उभं राहून बोटभर खोल पेरून घेतलं. अख्खं बोट. तीन आठवडे बायांनी पाणी घातलं, पण कोंब काही दिसेना. नवं बी मिळणार नव्हतं. नळावर कुजबुज सुरू झाली, की जिजाबाईच्या हाताला गुणच नाही.

मोठे साहेब पाहणीला आले. बाराही मोहल्ल्यांत तीच गत पाहून त्यांनी बाया निष्काळजी ठरवल्या आणि सगळ्यांची नावं यादीतून खोडली. नत्थूजीला त्यांनी जिजाबाईचा वाफा उकरायला सांगितलं. बी हाताला लागलं ते कितीतरी खाली, सडलेलं. तेव्हा कुठे त्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बोलायला हवं होतं, पण बोललो तर मास्तरकी गेली, ही भीती आधी आली. तेवढ्यात साहेबांची मोटार निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो जिजाबाईच्या दारात गेला. "बाई, चूक माही हाये. माहं बोट अर्धं हाये, आन मी तुमाले बोटभर सांगतलं."

"बोट तुटलं हाये हे साऱ्याइलेच ठाव होतं, मास्तर."

"मंग कोनी काहून नाई पाह्यलं?"

"शिकवनाऱ्याच्या तुटक्या बोटाकडं पाहनं बरं दिसते का? आमी बाराही जनी तिकडून नजर काढून घेवो. तुमचा शब्द तेवढा ध्यानात ठेवला."

नत्थूजीला रडू आलं. मी साहेबांना सांगतो, गल्लीत सांगतो, असं तो म्हणाला. जिजाबाई म्हणाली, "माहं नाव तं गेलंच. तुमचं कायले घालवता? राहू द्या."

ती मनापासून म्हणाली की फक्त रीत म्हणून, हे त्यानं ताडून पाहिलं नाही. त्याला ते ऐकायचंच होतं. मान हलवून तो घरी आला.

पुढच्या साली नव्या बाया आल्या. त्यांना तो डाव्या हातानं शिकवी. वाफे हिरवेगार झाले आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मस्कासाथला मात्र जिजाबाईला कुणी लोणच्याच्या बरणीला हात लावू देईना. नत्थूजीला हे कळत होतं, आणि तो ती गल्ली टाळून लांबून घरी जात होता.